सतरा नंबरची बस

विनिपेग, ४ मार्च

प्रिय लोर्ना,

मी ठणठणीत आहे. पेट्रोल महागलं म्हणून गाडी विकली. डोळ्यांचं तसं विशेष काही नाही.

आता सतरा नंबरची बस हाच माझा आधार. ती म्हाताऱ्यांनी आणि नव्याने आलेल्या फिलिपिनो नर्सबायांनी भरलेली असते, तरी प्रवासी नाहीत म्हणून बंद होणार होती! कारण शोधलं. आम्ही म्हाताऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरला पास नुसता दाखवतो, यंत्राला लावतच नाही. मग मोजणीत कशा येणार?

महिनाभर बसच्या दारात उभी राहून एकेकीला पास लावायला लावला.

"व्हर्नाबाई, तुम्ही मास्तरीण होतात का?" ड्रायव्हरने विचारलं.

"अजून आहे. रस्त्याकडे बघ!"

वर्षभर तरी बस चालणार, असं कालच कळलं. तुझे गुडघे कसे आहेत? उन्हाळ्यात ये. स्टॉप दारासमोरच आहे.

तुझी,
व्हर्ना