नाय, टाक

ती. सौ. वैजयंतीआत्या,

रश्मीचा डेन्मार्कहून वाकून नमस्कार. (इथे वाकलं की लोक विचारतात काय पडलं, म्हणून हा कागदावरच घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? शाळेचे जिने अजून चढतेस का? बुऱ्हाणपुरात आता दुपारी रस्ते ओस पडत असतील. मी मात्र एप्रिलमध्ये दोन स्वेटर घालून बसले आहे. माझी तब्येत उत्तम. मावा-जिलेबीची आठवण काढायची नाही असं रोज ठरवते, आणि ठरवतानाच ती निघते.

तू बाबांशी भांडून मला दहावीनंतर वर्षभर इकडे पाठवलंस, म्हणून माझी फजिती आधी तुला सांगते. डॅनिशमध्ये आभाराला ‘टाक’ म्हणतात. मला हे येण्याआधीच शिकवलं होतं, पण कान बुऱ्हाणपूरचेच राहिले. मी ज्यांच्याकडे राहते त्या टॉर्बेनकाकांना (इथे काका म्हणत नाहीत, पण नुसतं टॉर्बेन म्हणायला माझी जीभ रेटत नाही) मी पहिल्याच दिवशी कौतुकाने बटाटा वाढला. ते म्हणाले, टाक. मी दुसरा टाकला. ते पुन्हा म्हणाले, टाक. असे सात बटाटे झाले, आणि त्या भल्या माणसाने सातही संपवले. त्यांची बायको शहाणी, ती आधीच म्हणाली, ‘नाय, टाक.’ म्हणजे नको, आभारी आहे. मला वाटलं, ही तर आपल्यातलीच, तोंडाने नाय म्हणते आणि वाढून घेते. मी वाढलं. आपल्याकडे पाहुण्याचं ‘नको’ कधी कुणी ऐकलंय का?

शाळेत मात्र इथे ‘नाय’ ऐकतात. आमच्या बाईंचं नाव मेटे. सगळे त्यांना नावानेच हाक मारतात. मी ‘मेटेबाई’ म्हणते, तर आता अख्खा वर्ग मेटेबाई म्हणतो (त्यांना ‘बाई’ हे आडनाव वाटतं). त्या काही सांगत होत्या, तर एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, नाय, मला पटत नाही. मी डोकं खाली घातलं, आता खडू येणार म्हणून. बाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या आणि का पटत नाही ते ऐकू लागल्या. मग इतिहासाच्या तासाला माझी पाळी आली. मी असीरगडाची माहिती घडाघडा म्हणून दाखवली. बाईंनी विचारलं, पण तुला काय वाटतं? मी म्हणाले, ते पुस्तकात नव्हतं. वर्ग हसला, मीही हसले, आणि घरी येऊन रडले. आत्या, सोळा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तूसुद्धा नाही. मग मी तीन आठवडे वाचत बसले आणि त्याच गडावर पुन्हा अर्धा तास बोलले, माझं स्वतःचं. मला इतिहासच शिकायचाय, हे त्या अर्ध्या तासात कळलं.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप.

तुझी,
रश्मी

ता. क. काल बाबांचा फोन आला होता. म्हणाले, “बेटा, इंदूरचा बायोचा फॉर्म भरून टाकू ना? जल्दी बोल, दुकानवाला शटर पाडून राहिला.” मी म्हणाले, “नाय, टाक.” ते म्हणाले, “शाब्बास!” आणि फॉर्म गेला. मागे घ्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. (म्हणून पत्राचा फोटो पाठवते आहे. टपालाने पोहोचेपर्यंत मी डॉक्टर झालेली असेन.)

आणखी एक. ते चुकून झालं असं मी इथे सगळ्यांना सांगितलंय. तुला खरं सांगते. बाबांना ‘नाही’ म्हणायची मला भीती वाटली, म्हणून मी मुद्दाम डॅनिश बोलले. त्यांनी काय ऐकायचं ते त्यांच्यावर सोडलं. गुरुवारी संध्याकाळी मी फोन करते. तू त्यांच्याशेजारी बसून राहा. माझ्या वतीने काही बोलू नकोस, फक्त त्यांना फोन ठेवू देऊ नकोस. मी ‘नाही’ म्हणणार आहे, मराठीत, आणि त्याच्यापुढे ‘टाक’ लावणार नाही.