साडेतीन टनांच्या आत

मी, राफाएल ब्लाटनिक, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार ओतोचेत्स, नोवो मेस्तोजवळ, मोटरहोमच्या कारखान्यात कपाटे बसवून निवृत्त झालेला, हे मृत्युपत्र स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे. मूत्रपिंडे कामातून गेली आहेत, पण लिहायला ती लागत नाहीत. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी स्लाव्का अंगणात गाडी भरते आहे आणि मी काय खरडतो आहे याकडे तिचे लक्षही नाही. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. राहते घर व मागची बाग स्लाव्काला, तिच्यानंतर मुलगा बोरुत याला. या घरात तिने काय वाटेल ते आणि वाटेल तितके ठेवावे. घराला चाके नाहीत.

कलम २. टेकडीवरचा द्राक्षमळा, त्यातली दगडी खोली आणि वाइनची पिंपे स्लाव्काला. खोलीची किल्ली एकच आहे, ती तिच्याकडेच राहावी. कारण पुढे येईल.

कलम ३. बँकेत जे असेल ते स्लाव्काचे. त्यातून माझी शवपेटी घ्यावी, साध्या पाइनची, पितळी कड्यांशिवाय. उगाच ओकची घेऊ नये. जन्मभर मी फळ्यांची वजने कमी करत आलो. ओकच्या पेटीत झोपवलेत तर लाजेने उठून बसेन.

कलम ४. माझे रंधे, पटाश्या आणि पान्यांची पेटी बोरुतला. तो ल्युब्लियानात संगणकावर काम करतो, पण हात माझे घेतले आहेत, वापरावेत. त्याच्याशी माझे एकच भांडण आहे, ते इथे नोंदवतो. माझी मूत्रपिंडे बंद पडल्यापासून रोज चार वेळा पोटातल्या नळीतून औषधी पाणी आत भरायचे आणि पुन्हा काढायचे, असा माझा दिवस असतो. त्या पाण्याच्या पिशव्या खोक्यांतून येतात. आमच्या मोटरहोमबद्दल बोरुत म्हणतो, "बाबा, विका हो तो डबा! हॉटेलात जा. खोके कंपनी थेट हॉटेलात पोचवते." पोचवते, नाही म्हणत नाही. पण त्यासाठी कितीतरी आधी पत्ता कळवावा लागतो, आणि आमचा पत्ता म्हणजे त्सरेस बेटावर जिथे पाइनची सावली बरी पडेल तिथे. बोरुत, डबा म्हणालास त्याबद्दल तुला माफ केले. परत म्हणू नकोस.

कलम ५. बिडाचे मोठे पातेले, झाकणासह, माझा मेहुणा त्सिरिल याला. स्लाव्काचा हा भाऊ आमच्या पहिल्या सहलीला सोबत होता. माणसे, पाणी, गॅस, चमचे सगळे धरून गाडी कायद्याने साडेतीन टनांच्या वर जाता कामा नये, हे त्याला मी दहादा सांगितले होते. तरी पठ्ठ्याने हे पातेले, बटाट्याचे पोते आणि वाइनचा काचेचा बुधला पलंगाखाली दडवला. समुद्र दिसायला लागला आणि पोलिसांनी गाडी वजनकाट्यावर घेतली.

पोलीस म्हणाला, "जास्त भरतंय. एक तर सामान उतरवा, नाहीतर माणूस."

स्लाव्काने क्षणभरही विचार केला नाही. "भावाला उतरवा," ती म्हणाली. "पातेल्याचा निदान उपयोग तरी आहे."

पोलीस इतका हसला की दंड लावायचे विसरला. त्सिरिल मात्र बसने आला आणि तेव्हापासून आमच्याकडच्या नाताळाला कधी फिरकला नाही. त्सिरिल, पातेले घे. त्यात कोकरू शिजव आणि बहिणीला बोलाव. राग आता पुरे.

कलम ६. मोटरहोम, नोंदणीच्या कागदांसह, स्लाव्काला आणि फक्त स्लाव्काला. यावर कोणी हक्क सांगू नये.

इथे थोडे लांबण लावतो. आयुष्यभर मी अशा गाड्यांत कपाटे बसवली, आणि मला वाटायचे, कपाट दिसले की ते भरायचे. पाहिले कपाट, कोंबली वस्तू! बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या माझ्या बायकोने मला शिकवले की कपाट रिकामेही छान दिसते. तिचा नियम असा, की जी वस्तू दोन कामे करत नाही तिला तिकीट नाही. कणीक मळायची परात आमचे कपडे धुते. बाटलीने पोळी लाटली जाते. टाकीत पाणी हात धुण्यापुरते, बाकीचे बेटावर पोचल्यावर. अक्रोड फोडून घ्यायचे, टरफलांना समुद्र कशाला दाखवायचा? जड सामान खाली, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध. मागच्या खणात जड काही टाकले की ती माझ्या हातावर चापट मारते. "अरे, मागची चाकं बसतील! खुर्चीत बस बघू तू." आणि मी बसतो. तिच्यासारखी गाडी भरणारे दुसरे माणूस मी पाहिलेले नाही, आणि हे मी तिला तोंडावर कधी म्हटलेले नाही, म्हणून इथे लिहितो.

माझ्या खोक्यांसाठी तिने काय काय घरी ठेवले ते सांगतो. दुसरा गॅस सिलिंडर. टेबल. ओव्हनमधले लोखंडी ताट. तिच्या कादंबऱ्या, सगळ्या. बुटांचा दुसरा जोड. तीन आठवड्यांचे माझे पाणी म्हणजे दोन धडधाकट माणसांचे वजन, ते तिने गाडीत असे जिरवले की पलंगावर पाय पसरून झोपता येते. डॉक्टरसुद्धा मला म्हणाले, "तुम्ही एवढं फिरता कसे?" मी स्लाव्काकडे बोट दाखवले.

एका वस्तूला मात्र तिने हात लावला नाही. गाडीच्या बाजूला उलगडणारे कापडी छत. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी मला ते दिले, त्याच्या पट्टीवर सगळ्यांची नावे कोरली आहेत. चार वर्षांपूर्वी स्लाव्काने त्याच्याकडे नुसते निरखून पाहिले, तर मी दोन दिवस अबोला धरला होता. पुन्हा तिने विषय काढला नाही. मी जिवंत असेपर्यंत त्याला कोणी पाना लावू नये. नंतर बोरुतने न्यावे.

आत्ता ती गाडी घेऊन काट्यावर गेली आहे. आमच्याकडे द्राक्षांच्या ट्रॉल्या ज्या काट्यावर तोलतात, तो फेर्दो सांभाळतो. निघण्यापूर्वी गाडी तिथे चढवायची हा शिरस्ता आहे.

कलम ७. हे कलम मी जिवंत असतानाच लागू व्हावे.

नोटरीबाईंना मी हे विचारून आलो. त्या म्हणाल्या, "ब्लाटनिकसाहेब, मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं. जिवंतपणी काही हवं असेल तर बायकोशी सरळ बोला ना."

"बाई," मी म्हटले, "तुम्ही माझ्या बायकोला ओळखत नाही."

विषय तिच्या बाज्याचा आहे. बटणांचा अ‍ॅकॉर्डियन, तिच्या वडिलांचा. आधी तो प्रत्येक सहलीला यायचा. संध्याकाळी ती गाडीच्या पायरीवर बसून वाजवायची आणि शेजारच्या गाड्यांतली अनोळखी माणसे हातात ताटे घेऊन उभी राहायची. एकदा एक म्हातारे जोडपे अनवाणी नाचले. मी छताखाली बसून मिरवायचो, जणू वाजवतो मीच आहे.

मी आजारी पडलो त्या उन्हाळ्यापासून बाजा घरी राहिला. "बोटं दुखतात रे आता," ती म्हणाली. मी विश्वास ठेवला. मग गेल्या वर्षी काट्यावर मी गाडीत बसलेलो, काच खाली. फेर्दोने तिला विचारले, "स्लाव्का, बाजा का नेत नाहीस?" ती हळूच म्हणाली, "बाजा आणि त्याचं एका दिवसाचं पाणी सारखंच भरतं, फेर्दो. बाजा घेतला तर राफाएलचा समुद्रावरचा एक दिवस जातो."

आणि बोटे? ठणठणीत आहेत! या एप्रिलमध्ये मळ्यावर गेलो तर दगडी खोली आतून बंद, आणि आतून वाजवणे ऐकू येत होते. मी काठी टेकून दाराबाहेर उभा राहिलो, संपेपर्यंत. मग आवाज न करता खाली आलो. मला रडू आले, लपवत नाही.

सबब मी असे फर्मावतो, की या उन्हाळ्यात माझे एका दिवसाचे खोके घरी ठेवावे आणि त्या जागी बाजा घ्यावा. आपण एक दिवस आधी परत येऊ. न वाजणाऱ्या समुद्रावर मला एक दिवस जास्त नको. डॉक्टर सांगत नाहीत, पण हा बहुधा शेवटचा उन्हाळा आहे, आणि माझ्या बायकोला वाजवताना बघितल्याशिवाय मी जाणार नाही. यावर वाद चालणार नाही.

स्लाव्का अजून आली नाही. काट्यावर एरवी इतका वेळ लागत नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करत आहे.

राफाएल ब्लाटनिक

साक्षीदार पहिली: येलका तुर्क, शेजारीण. माझ्यासमोर सही केली. खालचे वाचून त्यांनी केलेला ओरडाआरडाही माझ्यासमोरच झाला.

साक्षीदार दुसरा: फेर्दो ग्रिचार, काटेवाला. मला कायद्याचं कळत नाही, पण खरं ते लिहितो. सातव्या कलमाची गरज उरलेली नाही. स्लाव्काने आज माझ्या शेडमध्ये गाडीचं छत उतरवलं. पाना मीच धरला. मी म्हटलं, राफाएल जीव घेईल. ती म्हणाली, "घेऊ दे. एप्रिलमध्ये दाराबाहेर काठी टेकून उभा होता, खिडकीतून पाहिलं मी." बाजा चढला. खोके एकही काढलेले नाहीत. तरी वजनाला जागा उरली, तेव्हा तिने आणखी दोन दिवसांचे घातले. गाडी साडेतीन टनांच्या आत आहे.

पुरवणी, माझ्याच हाताने: वरचे वाचले. शिव्या देऊन झाल्या. छत नाही तर डोक्याला ऊन लागेल, म्हणून माझी गवती टोपी घ्यावी. तिचे वजन काही नाही.

रा. ब्लाटनिक
ओतोचेत्स, ११ जून २०१९