ळ न उमटणारा लॅपटॉप

सोलापूर,
रविवार

आदरणीय अक्कास,

धाकट्या बुद्धभूषणचा सविनय जय भीम. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? दाजींचा खोकला थंडीबरोबर गेला असेल असं धरून चालतो. आम्ही दोघं इथं ठीक आहोत. (ही म्हणते, ती ठीक आहे आणि मी खिडकीत आहे.)

खिडकीचं कारण म्हणजे लॅपटॉप. मनालीनं कॉलेज संपल्यावर आपला जुना लॅपटॉप मला दिला, त्याला आता नऊ वर्षं झाली. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी त्यावर आपल्या दादांचं चरित्र लिहितोय, हे तुला ठाऊक आहे. बटण दाबलं की पडद्यावर एक गोल फिरू लागतो आणि वीस मिनिटं फिरतच राहतो. तेवढा वेळ मी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी बघत बसतो. वाऱ्यानं एखादी चादर फुगली की मागून कुणी चालत आल्यासारखं दिसतं. मग मला खांद्यावर टॉवेल टाकून गिरणीतून परतणारे दादा दिसतात. आईनं पुढं केलेलं पाणी ते उभ्यानंच पितात. तेवढ्यात लॅपटॉप सुरू होतो आणि मी ते उतरवून घेतो. चाळीस पानं अशीच झाली.

पण पावसाळ्यात त्यावर चहा सांडला आणि ळ गेला. त्याच कळीवरचा ल निमूट उमटतो, पण शिफ्ट दाबून ळ काढायला जावं तर नुसता टक् असा आवाज येतो. ळच्या जागी ल लिहिणं पोस्टातल्या माणसाला शोभत नाही, म्हणून मी ळ असलेले शब्दच टाळू लागलो. पहिल्यांदा डाळ गेली, तिथं वरण लिहून भागलं. मग लक्षात आलं, सकाळ आणि संध्याकाळ, दोन्हींत ळ. तेव्हा दादांना दुपारी कामावर धाडलं आणि रात्री घरी आणलं. मी शाळेत गेलोच नाही. आईचं माहेर मंगळवेढा, ते लिहिता येईना. तिला करमाळ्याला न्यावं तर तिथंही ळ. शेवटी तिला तुझ्या कुर्डुवाडीची केली. (रागावू नकोस. गाव चांगलं आहे म्हणूनच केली.)

पुण्याला फोन लावून मनालीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबा, आजोबांचं आयुष्य बदलण्यापेक्षा लॅपटॉप बदला."

म्हणून एका मोठ्या दुकानात गेलो. तिथं ओळीनं वीस-पंचवीस लॅपटॉप उघडे ठेवलेले, आणि एकावर निळ्या तलावाचं चित्र. अक्का, काय तो तलाव! पलीकडे धुकं, काठाला एक रिकामी नाव. मी नावेत बसलो असेन-नसेन, एवढ्यात पाठीमागून खुर्ची आली. दुकानातल्या बाई म्हणाल्या, "काका, अर्धा तास झाला उभे आहात. कुठला पाहिजे?" मी तलावाकडे बोट केलं. त्या म्हणाल्या, तो सगळ्यांवर येतो. मग वापर काय, असं विचारलं. मी म्हणालो, वडील. त्यांनी मला पाणी दिलं.

तिथून निघालो तो गौसभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात. त्यांनी लॅपटॉप उलटा करून उघडला. आत धूळ होती, कडक भाकरीचा चुरा होता आणि शेंगाचटणी. गौसभाई हळू आवाजात म्हणाले, "काका, बॅटरी गेली, कीबोर्ड गेला, डिस्क दमली. पण बोर्ड लई चांगला हाय. फेकू नका." निवृत्तीनंतर माझ्याबद्दल कुणी इतकं बरं बोललं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

चार दिवसांनी लॅपटॉप घरी आला. बटण दाबून चष्मा लावेपर्यंत तो सुरू झालेला, जणू दारातच उभा होता. मी पहिल्यांदा ळ दाबला. उमटला. मग सावकाश टाईप केलं: सकाळ. आणि थांबलो. समोर चादरी होत्या, वारा होता, पण दादा येईनात. तीन दिवस पडद्यावर तो एकच शब्द आहे. हिनं काल पाठीमागून वाचला आणि म्हणाली, "झाली सकाळ. आता चहा घ्या की." (मी घेतला. लॅपटॉपपासून लांब बसून.)

असो. दाजींना जय भीम. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा,
बुद्धभूषण

ता.क. मनालीनं न विचारताच नवा लॅपटॉप धाडला, तो काल पोचला. हिनं तो खोक्यासकट कपाटात ठेवलाय. निळा तलाव त्यावर आहे का, तेवढं एकदा बघीन म्हणतो.

ता.क. २. खरं तर यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं. अक्का, दादा पहिल्या पाळीला निघायचे तेव्हा मी झोपलेला असायचो. गिरणी बंद होईपर्यंत मी त्यांना निघताना एकदाही पाहिलेलं नाही, हे मला आत्ता, या वयात कळलं. मी दोष ळला देत होतो. तू मात्र उठलेली असायचीस, भाकरी तूच बांधून द्यायचीस. मला एक सकाळ लिहून पाठव. कुठलीही चालेल. फोन करू नकोस, फोनवर तू माझीच चौकशी करत बसतेस. आणि सगळं लिहायला जड गेलं, तर एवढंच लिही: दार ओढून घेताना ते आत वळून बघायचे का?