डोक्याकडची दोरी

नेस, लुइस बेट
मंगळवार, ९ नोव्हेंबर

प्रिय मर्डोदादा,

तू आणि वहिनी ठीक असाल. इकडे वारा सुटलाय, मेंढ्या भिंतीच्या आडोशाला आहेत, आणि पेगीमावशीने पातेलंभर सूप आणि तेवढाच उपदेश आणून दिला. फोन तू आपटतोस, म्हणून हे पाववाल्याच्या गाडीबरोबर तुझ्याकडे स्टॉर्नोवेला पाठवते आहे.

बाबांना गुरुवारी पुरणार. पाद्री नाही, बायबल नाही, बोलणार मी. ही त्यांचीच इच्छा होती आणि मी तुझी परवानगी मागत नाहीये.

"देवाशिवाय पुरायचं म्हणजे मेंढी पुरल्यासारखं," असं तू म्हणालास. आईचा अंत्यविधी आठव. तुमच्या चर्चच्या रिवाजाप्रमाणे तासभर देवाचं नाव, आणि तिचं एकदाही नाही. मेलेल्याची स्तुती नको म्हणे. बाबा चर्चमध्ये पुढे उभे राहून एकट्याने ओळ टाकायचे आणि मागोमाग सगळं गाव स्तोत्र उचलायचं. त्या दिवसापासून ते तिकडे फिरकले नाहीत. ज्याच्यासमोर माणसाचं नाव घ्यायची चोरी, तो देव माझ्याही कामाचा नाही. गुरुवारी मी बाबांचं नाव घेणार. होडी उलटली तेव्हा त्यांनी आधी व्हिस्कीची बाटली वाचवली, तेही सांगणार.

मावशी म्हणते, "बायका कबरीपाशी जात नाहीत गं, लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "म्हणू देत. पावसात उभं राहून म्हणावं लागेल त्यांना."

एक गोष्ट लिहायची नव्हती. शनिवारी, शुद्ध होती तोवर, बाबांनी स्तोत्राची एक ओळ म्हटली आणि थांबले. समोरून ती उचलली जायची वाट बघत राहिले. मी हात धरून बसले. जे मानत नाही ते मी त्यांच्यासाठीही म्हटलं नाही, आणि त्यांनी मला कधी म्हणायला लावलंही नसतं. पण त्यांची नजर दाराकडे होती. देव आठवला नसेल दादा त्यांना, तू आठवलास.

विधीच्या मध्ये मी थोडा वेळ गप्प राहणार आहे, ज्यांना प्रार्थना करायची त्यांच्यासाठी. हेही बाबांनीच सांगून ठेवलंय. ओळ त्यांनी टाकली आहे, उचलणारा गळा तुझा. मी गाणार नाही, पण अडवणारही नाही.

शवपेटी कबरीत उतरवताना डोक्याकडची दोरी थोरल्या मुलाची. आलास तर ती तुझीच. नाही आलास तर मी धरेन, आणि पेटी तळाला टेकेपर्यंत सोडणार नाही.

तुझ्याइतकीच हट्टी,
डोलीना