पाणी न पोचलेली रेघ

प्रिय मुग्धा,

जोडाक्षरावर अडलीस तर मोठ्याने वाच. दुबईत, करामातल्या याच गॅलरीत तुला कविता शिकवताना मी हेच सांगायचो, आणि तू सगळी कविता घडाघडा म्हणून वर विचारायचीस, "डन, आबा. कॅन आय गो नाऊ?" परवा शनिवारी तू अबुधाबीहून आली नाहीस. तुझ्या आईने, अनुराधाने तुझ्यासाठी वालाचं बिरडं केलं होतं. तुझी वाटी तिने झाकून ठेवली, ती काल दुपारी मीच खाल्ली. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. तुझा बाप सिद्धांत उद्या मीटिंगला तिकडे येतोय, त्याच्या हाती देतो.

त्याआधीच्या शनिवारी जेवताना तू बाकूच्या नोकरीचं सांगितलंस. दोन वर्षं कॅस्पियनच्या काठी राहायचं, हिवाळ्यात उत्तरेच्या बर्फावर जाऊन सील मोजायचे. तुझा बाप म्हणाला, "तो समुद्र बाबांचा. ते म्हणतील ते फायनल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, नको जाऊस, तो समुद्र आटत चाललाय, त्याच्याबरोबर तुझं कामही आटेल. तू नुसतं "फाइन" म्हणालीस आणि ताट उचललंस. गुरुवारी तुला त्यांना हो किंवा नाही कळवायचंय. म्हणून आज तुला एक गोष्ट सांगतो, जी तुझ्या आजीलाही मी अर्धीच सांगितली होती.

त्र्याण्णव साली तेलाच्या कामावर मी तिथे गेलो, भूवैज्ञानिक म्हणून. पहिल्याच संध्याकाळी ओंजळभर पाणी जिभेवर घेतलं. आपल्या इथल्या समुद्राच्या मानाने अगदी बेताचं खारट, मीठ कमी पडलेल्या आमटीसारखं. महासागरापासून लाखो वर्षांपूर्वी तुटलेला तो समुद्र, महासागराच्या पातळीहून सत्तावीस मीटर खाली, जमिनीच्या ओच्यात एकटाच बसलेला. व्होल्गा पाणी आणून घालते, ऊन ते पिऊन टाकतं. या दोघांच्या मर्जीवर तो फुगतो नाहीतर ओसरतो. किनाऱ्यामागे चिखलाच्या टेकड्या आहेत, त्यांच्या तोंडाशी वायूचे बुडबुडे रटरटत असतात, शिजणाऱ्या पिठल्यासारखे. बाजारात स्टर्जन मासा दिसे, माणसाहून लांब. त्याच्या अंड्यांपायी माणसांनी त्याचा वंश संपवत आणला. आणि सील. एकदा बोटीशेजारी एकाने डोकं वर काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला शाळेतल्या कवितांपैकी एकही आठवेना. त्याला शोभेल अशी एकही नव्हती.

मी ज्या घरात भाड्याने राहायचो ती बाई नबिला. नवरा मासेमारी करताना गेलेला, अंगणात एक अंजीर, आणि दारापासून पाणी जेमतेम चाळीस पावलं. माझ्या नावाला जोडून मला ती हेम मुअल्लिम म्हणे; मुअल्लिम म्हणजे गुरुजी. मासळी जळली की म्हणायची, "खा, गुरुजी, तुम्ही तर दगड खाणारे." तेव्हा समुद्र वर चढत होता. सतरा वर्षं सलग. शेजाऱ्यांची कुंपणं बुडाली होती. एका सकाळी तिने विचारलं, गुरुजी, खरं सांगा, माझ्या घरापर्यंत येईल का?

मी बंदरातल्या मोजपट्टीचे आकडे मांडले, कागदावर रेघ ओढली, ती पुढे वाढवली. नुसतं सांगून थांबलो नाही. छिन्नी घेऊन तिच्या दाराच्या दगडी खांबावर मांडीइतक्या उंचीवर आडवी रेघ कोरली. दहा वर्षांत पाणी इथे येईल, म्हणालो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. वर टेकडीवर दोन खोल्या बांधल्या, अंजीर मुळासकट उपटून नेलं. आणि माझी तिथली कामाची जागा डोळ्यांपुढे आण, मुग्धा. जमिनीत भोक पाडून काढलेले दगडाचे लांब दांडे रोज माझ्या टेबलावर असायचे. त्यात शिंपल्यांचा थर, वर कोरड्या मिठाचा, पुन्हा शिंपल्यांचा. हा समुद्र किती वेळा आला नि किती वेळा गेला, ते त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. लाखो वर्षं हातात धरून मी सतरा वर्षांवर भरवसा ठेवला.

पुढच्याच वर्षी पाणी थांबलं, आणि मग ओसरायला लागलं. तोवर मी अबुधाबीत नोकरी धरली होती. दोन हजार एक साली तिचं पत्र आलं, रशियनमध्ये. "गुरुजी, समुद्र निघून गेला. अंजीर वर लागलं नाही. जुन्या घराचं छत पडलं, खांब उभा आहे, मी रोज तुमच्या रेघेला सलाम करून पाणी बघायला चालत जाते. राग नाही. तुम्ही थोडेच समुद्र आहात." त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. आज लिहीन, उद्या लिहीन करत चोवीस वर्षं ते माझ्या शब्दकोशात पडून आहे. लाजेचा थर फार घट्ट बसतो गं.

काल तुझी वाटी पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा कळलं, मी पुन्हा तेच केलं. एका रेघेवरून कुणाचं तरी घर हलवलं. आणि या वेळी तर आकड्यांचीही सबब नाही. समुद्र आटतोय म्हणून मी नको म्हणालो नव्हतो. शनिवारी बेल वाजणार नाही, म्हणून म्हणालो. तू गेल्यावर माझ्या कविता ऐकायला कोण उरणार, हा त्या 'नको'चा खरा अर्थ. तो आटतोय म्हणूनच तर तिथे मोजणारं कुणीतरी हवं. सकाळी सिद्धांतला सांगितलं, माझं फायनल बदललं. म्हणाला, "वा बाबा, आठवडाभर पोरीशी भांडलो ते मी, आणि आता गोड तुम्ही. खलास." पण हसला.

तेव्हा गुरुवारी हो कळव. पाकिटात दुसरं बंद पाकीट आहे, त्यावर नबिलाचं नाव आणि गाव आहे. ती असली तर सत्तरीची असेल. नसली तर टेकडीवर जे कुणी असेल त्याला दे. मग खाली जुन्या खांबाशी जा, माझ्या रेघेवर हात ठेव, आणि तिथून पाण्यापर्यंत चालत जा. पावलं मोज. किती भरली ते मला मराठीत लिहून पाठव, अक्षरी. या वेळी मी उत्तर देईन.

तुझी वाट न अडवणारा, तुझाच,
आबा