कडी काढली आहे

प्रिय भिंगरी,

दुसरी पास झालेल्या बाईचं पत्र आहे, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. फोनवर तू "बरी आहे गं" म्हणतेस आणि कट करतेस. कागदाला तसं मध्येच गप्प करता येत नाही, म्हणून लिहितेय.

माझं चाललंय. गुडघे कुरकुरतात. तोंड शाबूत आहे, पण ऐकायला कुणी नाही, म्हणून भांड्यांवर तोंडसुख घेते. एवढी वर्षं तुम्हा दोघा भावंडांना रांधून घातलं, आता एकटीच्या भाजीत मिठाचा अंदाज येत नाही. खारट झालं तरी नावं कोण ठेवणार? गिळते.

समोरच्या शिवणवालीचा मुलगा गेला. हार्ट अटॅक म्हणे. काचेचा कारखाना बंद पडल्यापासून आपल्या गल्लीतलं हे पाचवं पोर. अख्ख्या गल्लीचीच काळजं कच्ची कशी निघाली, कुणी विचारत नाही. मी तरी कुठल्या तोंडाने विचारू? तुझ्या दादाच्या वेळी मीही हार्ट अटॅकच सांगितला. एवढी लांब जीभ माझी, पण खोटं बोलताना जराही अडखळली नाही.

तुझे आजोबा त्याच कारखान्यात भट्टीवर होते. हात भाजायचे, पण माणूस ताठ मानेने घरी यायचा. दादाच्या नशिबी गोदाम आलं. खोकी उचलून खांदा गेला, तर मुकादम म्हणाला, गोळी खा नाहीतर घरी बस, दाराशी दहा जण उभे आहेत. त्याने गोळी खाल्ली. खांदा दुखायचा थांबला नाही आणि गोळी सुटली नाही. वर्षभराने गोदामाने घरी बसवलंच, डॉक्टरनेही गोळी लिहून द्यायची बंद केली. कोपऱ्यावर विकणारे तेवढे कधी नाही म्हणाले नाहीत. त्यांच्या पुडीत काय कालवलेलं असायचं, त्यांनाही ठाऊक नसेल. त्याला नुसता नशेबाज म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एक दिवस ती खोकी उचलून बघावीत.

आता माझं ऐक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. एकदा तो माझ्यासमोरच भिंतीला टेकून पुडी उघडायला लागला. मी म्हणाले, "मेल्या, कर काय करायचं ते, पण माझ्या डोळ्यांसमोर नको." त्या पोराने जन्मात माझं काही ऐकलं नव्हतं. हे ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून बाथरूमची कडी लावायला लागला. तो गेला त्या सकाळी मी बाहेर कपड्यांच्या घड्या घालत होते. आत नळ वाहत होता आणि मी वाया जाणाऱ्या पाण्याच्या नावाने ओरडत होते. पाण्याच्या! शेजाऱ्यांनी दार फोडलं तोवर उशीर झाला होता.

मागच्या खेपेला तू भर उन्हाळ्यात लांब बाह्या घालून आलीस. भांडी घासतानाही त्या वर केल्या नाहीस. मग बाथरूममध्ये गेलीस आणि कडी लावलीस. तो आवाज मी ओळखते. तू बाहेर येईपर्यंत दाराला कान लावून उभी होते, आणि तू आलीस तेव्हा टॉवेल शोधत असल्याचं नाटक केलं. तू गेल्यावर सुताराकडून पेचकस आणला आणि माझ्या हाताने कडी काढली. दवाखान्यातल्या नर्सने नाकात मारायचं औषध दिलंय, नशा जास्त होऊन श्वास अडकला तर माणसाला परत आणतं. रिकाम्या बाटलीवर मी चार वेळा करून दाखवलं तेव्हा तिने मला सोडलं. ते खिडकीत ठेवलंय. घरी ये. सोडायचं म्हणालीस तर दवाखान्यात बरोबर येईन. नाहीच सुटलं, तर माझ्या डोळ्यांसमोर कर. शिव्या देईन, त्या खाऊन घे. पण उठून जाणार नाही.

तुझीच,
दाराबाहेर बसलेली
आजी