पांढरी माती

इंझोरी, ता. २० ऑगस्ट १९५४

ति. सौ. रामीबाईस,
खेमाचा शि. सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. मच्छर मारायच्या फवाऱ्याच्या टोळीसंगं गावोगाव फिरून राह्यलो. पाठीवर पंप, अंगाले डीडीटीचा वास. कुत्रेसुद्धा जवळ येत नाहीत. मागच्या साली थंडीतापानं तुझ्या पोटातलं लेकरू गेलं, ते मी विसरलो नाही बाई. म्हणून तर तांड्यात पहिला फवारा तुझ्याच घरात मारला. टोळीचा साहेब तवा बायायले हिंदीत काही समजावत होता, अन् मले ते आपल्या बोलीत सांगायचं होतं. पण तेवढ्यात अस्वलवाला आला. काय अस्वल होतं! बिडी मागत होतं.

हां, कामाचं राह्यलंच. कामरगावाकडच्या तांड्यातली सोजरबाई आपली पोरगी मले द्यायले तयार आहे. मले ना घर ना दार, म्हणून दसऱ्याच्या आधी तुझंच घर पाहाले येऊन राह्यली. भिंतीवर फवाऱ्याचे चट्टे आहेत, जशी खरजेली म्हैस. तेवढं पाहाय. यंदा पोट सांभाळ. भाऊजीले रामराम. माया अशीच राहू दे.

तुझा भाऊ,
खेमा

तांडा, पोहरादेवीजवळ, ता. २० सप्टेंबर १९५४

चि. खेमास अनेक आशीर्वाद.

मी सांगून राह्यली अन् तुझे भाऊजी लिहून राह्यले. नवरदेवा, तुले पोरगी द्यायले सोजरबाईनं हिंमत केली, तिचं मले नवल वाटते. लग्नात अस्वल दिसलं तर तू मांडव सोडून पळशीन.

पण सोयरीकीत नाव ठेवायले जागा नको. नाल्यातून पांढरी माती आणली अन् सारं घर पोतारून काढलं. चट्टे गेले, भिंती दुधावानी झाल्या. ते पाहून शेजारच्या ललिताबाईनं पोतारलं, मग तांड्याच्या नायकाच्या घरी, मग साऱ्या तांड्यानं. तुझ्या दवाईचा वास गेला एकदाचा. मच्छर पुन्हा गुणगुणून राह्यले, पण लिंबाच्या पाल्याचा धूर करतो आमी. ओल्या भिंतीनं मले थोडी थंडी भरली, बाकी काही नाही. लेकरू पोटात लाथा मारते, मामावर गेलं. येशीन तवा धुतलेलं धोतर घालजो. आठवण ठेवत जा, पोस्टाले पैसे पडत असले तरी.

तुझी,
रामीबाई

ता. क. : हे तिले वाचून दाखवलं नाही. थंडी ओल्या भिंतीची नाही. एक दिवस सोडून येते, भरदुपारी, अन् तिची दातखिळी बसते. – किसनसिंग

कामरगाव, ता. २८ सप्टेंबर १९५४

ति. भाऊजीस,
खेमाचा नमस्कार.

हे पत्र बाईले वाचून दाखवू नका. तुमचं पत्र टोळीमागं फिरत फिरत आज भेटलं.

इंझोरीत पुन्हा ताप आला, म्हणून साहेब आमाले माघारी घेऊन गेला होता. लोकायच्या बोटाले सुई टोचून काचेवर रक्त घेतलं, तापानं पोटातली पानथरी फुगली का, ते पोरायचं पोट चाचपून पाह्यलं. कोनाच्या घरी ताप आहे ते पाहाले मले घरोघर धाडलं. धापूबाई दुकानवाली लय आळशी, भिंतीले हात लावत नाही. तिच्या घरी सारे धडधाकट. शेजारी लग्नासाठी नवं पोतारलं होतं, तिथं नवरीसुद्धा गोधडीखाली. साहेबानं नखानं भिंत खरवडली. म्हणाला, मच्छर रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर बसते, अन् दवाईनं मरते. दवाई मातीखाली गेली की तो खुशाल बसते, अन् याचा ताप त्याले नेऊन देते. अस्वलाच्या दिवशीही तो बायायले हेच सांगत होता म्हणे.

भाऊजी, बाईले आजच दवाखान्यात न्या. आता कोनी पोतारू नका. सोजरबाईले येऊ देऊ नका. सोयरीक गेली तर जाऊ द्या. इथलं काम आटपलं की सुट्टी नाही भेटली तरी पंप घेऊन निघतो. मले परका समजू नका.

आपला,
खेमा

तांडा, ता. ५ ऑक्टोबर १९५४

चि. खेमास आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. पाहुणे परवाच येऊन गेले.

रामी त्यायच्यासमोर उभी राह्यली, हसली, पुऱ्या तळल्या. बैलगाडी वळली तशी चुलीपाशीच बसली. दवाखान्यात नेलं. कडू गोळ्या भेटल्या, डाक्टरनं पोटाले हात लावून पाह्यला. लेकरू कालपासून हलत नाही. ललिताबाईचे दोन्ही पोरं पांघरुणात आहेत. नायकही. सकाळपासून मी खुरप्यानं भिंती खरवडून राह्यलो. खाली दवाई राह्यली का मातीसंगं गेली, मले कळत नाही.

सोजरबाईले घर लय आवडलं. सोयरीक पक्की. भिंतीवर हात फिरवून तिनं इचारलं, अशी माती कुठं भेटते? रामीनं पोतं भरून त्यायच्या गाडीत टाकलं. त्यायच्या तांड्यातही फवारा झाला होता म्हणे, अन् चट्टे त्यायलेही आवडत नाहीत.

तुझा पंप एकच. रामी म्हणते, आधी तिकडं जा, त्यायनं माती भिजवायच्या आत. तिनं सांगतलं तेवढं लिहिलं. माझ्या मनचं लिहिलं नाही.

तुझा,
किसनसिंग